परतीचा बाण

मुर्री गावची समीक्षा रामटेके चिचगडजवळच्या एका शाळेत संगणक शिकवते. फळ्यावर अल्गोरिदम काढला की पोरं जांभया द्यायची, म्हणून तिनं स्वतःच टॅबवर चालणारा एक खेळ तयार केला. पडद्यावर ठिपके टाकायचे. ठिपका म्हणजे गाव, नाला, मोहाचं झाड. जिथून जिथं जाता येतं तिथं बोटानं बाण ओढायचा. मग कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवलं की पिवळा गोळा शाळेपर्यंतची सगळ्यात जवळची वाट शोधत पळायचा.

एका दुपारी तिनं पोरांचे गट केले, वेगवेगळ्या बाकांवर बसवले आणि आपापल्या जंगलाचा नकाशा करायला सांगितलं. सगळीकडून गोळा शाळेत पोचला. फक्त सुनी बोडी या तळ्यावर बोट ठेवलं की तो जागीच थरथरायचा आणि खाली अक्षरं उमटायची: वाट नाही.

चूक आपलीच असेल, असं तिला वाटलं. प्रोग्रॅम ठीक होता. मग तिनं बाण पाहिले. प्रत्येक टॅबवर बोडीकडे जाणारे बाण होते. तिथून निघणारा एकही नव्हता.

"परतीचा बाण काऊन नाही काढला?"

"तिकून कोनी येत नाही जी," पुढच्या बाकावरची प्राची म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले लागते?"

रविवारी समीक्षा प्राचीच्या आत्याला, दुर्पताला, वाट दाखवायला घेऊन बोडीकडे निघाली. साजाच्या झाडाशी दुर्पता थांबली. "मी इथंच बसतो. तू पाहून ये."

भर उन्हात बोडी गार होती. पाखरू नाही, बेडूक नाही. चिखलात चपला रुतल्या, तशा तिनं हातात घेतल्या. काठावर अनवाणी पायांचे ठसे होते, लहानमोठे, काही अगदी ओले. सगळ्यांची बोटं पाण्याकडे.

तिला परत फिरायचं होतं, पण पाण्याकडे पाठ करवेना. वळू गेलं की मानेवर कुणी श्वास सोडल्यासारखं व्हायचं. शेवटी ती तोंड पाण्याकडे ठेवूनच मागं मागं सरकत आली. चिखल संपल्यावर खाली पाहिलं, तर तिचे ठसे बाकीच्यांत मिसळले होते. येतानाचे, जातानाचे, सगळेच पाण्याकडे निघालेले.

"पाठ नाही दाखवली ना?" दुर्पतानं विचारलं.

"नाही."

"बरं केलं."

सोमवारी वर्गात प्राचीनं टॅब पुढं केला. "मॅडम, तुम्ही तं आल्या ना परत? काढा मंग बाण."

समीक्षानं बोडीच्या ठिपक्यावर बोट टेकवलं. काच गार लागली. चिखलातले आपले ठसे तिला आठवले, सगळे पाण्याकडेच निघालेले, आणि काही न काढताच तिनं बोट उचललं.