देव्हाऱ्याला उलटी प्रदक्षिणा

पालीहून आलेल्या त्या सुताराचं नाव विचारायचं राहूनच गेलं. देव्हाऱ्याच्या फळीची कड गोल करायला तो ट्रिमर मशीन घेऊन फळीभोवती उलटा फिरू लागला, तशी आई ओरडली, "मिस्त्री, देवाला उलटी प्रदक्षिणा?"

मशीन बंद करून, प्लग काढून तो खिशात ठेवत म्हणाला, "काकू, सुलटं फिरलो तर मशीन हातातून पळतंय. देवाला माफी मागता येती, बोटं न्हाई."

काम संपल्यावर पुन्हा प्लग खिशात घालून, मशीन छातीशी धरून त्यानं तेवढ्याच सुलट प्रदक्षिणा घातल्या. त्याच्यामागं हात जोडून आई.

दुसऱ्या दिवशी त्यानं चपलांच्या रॅकची कड गोल केली, प्लग काढला आणि वळून बघतो, तर आम्ही घरचे सगळे हात जोडून रांगेत उभे. त्यानं प्लग खिशात घातला आणि मशीन छातीशी धरलं.