कासियानचे हातमोजे

नोटबुर्गाने चिठ्ठी तीनदा लिहिली आणि तीनदा चुलीत घातली. टिरोलच्या डोंगरातल्या त्या गावात पाच डिसेंबरला दिवेलागणीला संत निकोलस घरोघर येतो आणि जाड वहीतून पोरांचे गुणदोष वाचून दाखवतो. ते त्याला कळावेत म्हणून आया आदल्या दिवशीच गुपचूप चिठ्ठी पोचवतात. तिने शेवटी एकच ओळ ठेवली : माझी त्सेन्सी मार्चपासून बोललेली नाही, तिला बोलतं करा.

मार्चमध्ये हिमकडा कोसळला, त्यात तिचा नवरा कासियान गेला. प्रेतही सापडलं नाही. सात वर्षांच्या लेकीला तिने सांगितलं, बाबा डोंगरापलीकडे कामाला गेलेत. त्या दिवशी पोरीने तोंड मिटलं ते मिटलंच. डॉक्टर झाले, नवस झाले, देवळात मेणबत्त्या लावून झाल्या. शेजारणी म्हणायच्या, तुझी बरी गं बाई, आमच्या दिवसभर डोकं उठवतात. नोटबुर्गा हसायची आणि गोठ्यात जाऊन रडायची.

नऊ वर्षं गावचा निकोलस कासियानच असे. पोरांना हे कुणी कळू देत नसे. त्या संध्याकाळी बाबा गोठ्यात आहेत, एवढंच त्सेन्सीला माहीत. यंदा झगा नि दाढी शेजारच्या आल्बानकडे गेली. नोटबुर्गा चिठ्ठी द्यायला गेली तर त्याचे हात थंडीने फुटलेले. खुंटीवर राहिलेले कासियानचे लोकरी हातमोजे तिने त्याला नेऊन दिले. निकोलसबरोबर पोरांना भेवडवायला येणाऱ्या शिंगवाल्या क्राम्पुसला मात्र दाराबाहेरच ठेवा, असं बजावलं.

निकोलस आला. वही उघडून त्याने हळू आवाजात विचारलं, प्रार्थना येते ना, म्हणून दाखव बरं. त्सेन्सी त्याच्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर होती त्याच्या मोज्याच्या अंगठ्यावर. तिथे वाकडा लाल टाका होता, तिनेच शिवण शिकताना घातलेला. नोटबुर्गा तो पार विसरली होती.

"बाबा," खरखरीत आवाजात पोर म्हणाली, "दाढी काढा ना. मी कुणाला नाही सांगणार."

ज्या आवाजासाठी नऊ महिने देवाचे पाय धरले, तो हा. आपण गप्प राहिलो तर तो राहील, हे नोटबुर्गाला कळत होतं. आणि पोर दर डिसेंबरला दाराकडे बघत बसेल, हेही.

"काढा, भावजी."

पोरांसमोर दाढी काढायची नाही, हा गावचा नेम. आल्बान पुटपुटला, "वहिनी, नका. आत्ता कुठं बोलतेय ती."

"काढा म्हणते ना."

दाढीखालून आल्बानचा लालबुंद चेहरा निघाला. त्सेन्सीने तो बराच वेळ निरखला. मग त्याच्या हातांतले मोजे एकेक करून ओढून घेतले आणि छातीशी धरले. बाहेर क्राम्पुसची घंटा वाजली नि थांबली.

"मग बाबा कुठंयत?"

नोटबुर्गा तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाळा, बाबा डोंगरापलीकडे गेलेले नाहीत," ती म्हणाली, आणि पुढचं सांगायला तिलाच आवाज फुटेना.