पुठ्ठ्यावरचा थेंब

गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला की सकाळी त्यावर तेलाचा काळा डाग असायचाच. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि पहिली गाडीही माझीच. कॉलेजात माझ्या खोलीत राहिलेल्या सुधाकरनं त्याची जुनी गाडी मला विकली. म्हणाला होता, "गड्या, इंजिनाला आजवर पाना लागलेला नाही."

इंजिनाच्या खालच्या झाकणाच्या फटीतलं, तेल अडवणारं गॅसकेट दोनदा बदललं, तरी थेंब पडतच राहिला. शेवटी मीच इंजिन पुसून कोरडं केलं आणि त्यावर तोंडाला लावायची पावडर शिंपडली, म्हणजे ओघळाची वाट दिसते. आई हसली, "लग्नाला न्यायचीय व्हय रं तिला?"

ओघळ शोधत वर गेलो, तर वरच्या झाकणामागे, सहज दिसू नये अशा जागी, लाल पेस्टचा थर. कुणीतरी फट बोटानं लिंपली होती, बोटाचा ठसाही तसाच होता. असेल एखाद्या मेकॅनिकचा, मी स्वतःला समजावलं. पण विश्वासाचंही तेलासारखंच असतं. डाग आज दिसला, म्हणून गळती आजची नसते.

पेस्ट खरवडून नवं गॅसकेट बसवलं. पुठ्ठा कोरडा राहू लागला. सुधाकरला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. रविवारी त्याचाच फोन आला.

"काय म्हणते गाडी?"

"आता एक थेंबही पडत नाही."

"झकास!" तो म्हणाला, आणि मुलांच्या परीक्षांवर बोलू लागला.

थेंब कसला, हे त्यानं विचारलंच नाही.