‘पूर्वी’च्या रकान्यातला अंगठा

माझा अंगठा तिने धरला. विचारलं नाही, धरला. शाईच्या पॅडवर दाबला, इकडून तिकडे घोळवला, तान्ह्या पोराचा हात धरावा तसा, आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर टेकवला.

ठसा उठलाच नाही. नुसता काळा डाग.

"आजोबा, रेघा कुठे गेल्या तुमच्या?" मॅडम हसली.

रेघा मिठागरात गेल्या. खाऱ्या पाण्यात, फावड्याच्या दांड्यावर घासून घासून. रेशनच्या मशीनलाही माझा अंगठा ओळखू येत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. तिने उत्तरासाठी विचारलंच नव्हतं.

फोटोवाला म्हणाला, "चालेल मॅडम, डागच भारी दिसतोय. एकदम रॉ."

रॉ म्हणजे कच्चा. एवढं मला कळतं.

त्या पुठ्ठ्याच्या मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे लिहिलेलं ‘पूर्वी’. उजवीकडे ‘आता’. पूर्वीखाली माझा अंगठा, आताखाली माझी सही. असा तो देखावा.

मॅडम ठाण्याच्या एका संस्थेची. मुलींचं शिक्षण, बायकांचं सक्षमीकरण, यात देशाने काही उद्दिष्टं ठरवलीत म्हणे. ती कुठवर गाठली ते बघायला दिल्लीहून पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायला आमची वस्ती निवडली. दिवा स्टेशनपासून खाडीकडे उतरलं की आमची वस्ती. आता प्रगती दाखवायची तर आधीची अधोगती दाखवायला लागते. त्यासाठी एक म्हातारा लागतो. काळा, वाळका, लुंगीतला. मी धुतलेला सदरा घालून गेलेलो. तो काढायला लावला. बनियनवर बसवलं.

म्हटलं, "मॅडम, मला सही येते. दुसरी शिकलोय मी."

"हो ना, मस्तच! पण आधी अंगठा, मग सही. आणि सही जरा हळू करा हं आजोबा. हात थोडा थरथरू दे. नुकतीच शिकल्यासारखी वाटली पाहिजे."

मी सही केली. माझी सही एका दमात येते, शेवटच्या अक्षराचं शेपूट खाली ओढलेलं.

"नाही नाही, इतकी फास्ट नको!"

तेव्हा जुना मुकादम आठवला. जवानीत मिठागरावर होतो, तेव्हा पगाराच्या दिवशी मुकादमासमोर सगळे अंगठा उठवायचे. मी पेन मागितलं. मुकादम म्हणाला, "अंगठा दे. सही करणाऱ्याला प्रश्न पडतात." मी अंगठा दिला नाही. त्याने तो अख्खा हंगाम मला पार टोकाच्या वाफ्यावरून मिठाच्या पाट्या वाहायला लावल्या. वाहिल्या. पण सहीच केली. आणि आता म्हातारपणी, एका गोड बोलणाऱ्या बाईने हात धरला आणि मी अंगठा देऊन बसलो.

का दिला? श्रावणीसाठी.

श्रावणी माझी नात. वस्तीतली शाळा सातवीपर्यंत. आठवी रुळांपलीकडच्या शाळेत, सकाळची. आणि पाण्याचा टँकरही सकाळीच. माझा मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. सून वैशाली डोंबिवलीच्या कंपनीत पॅकिंगला, ती उजाडायच्या आत निघते. माझी कंबर कामातून गेलेली, भरला हंडा उचलत नाही. मग रांगेत कोण? श्रावणी. शाळेत तिचं नाव आहे, ती नाही. नाव आहे म्हणजे सरकारात ती शिकतेय.

मॅडम म्हणाली होती, "पाहुण्यांना वस्ती आवडली ना, तर आठवीचा वर्ग इथेच सुरू करू. समाजमंदिरात, दुपारचा." दुपारचा म्हणजे पाणी भरूनही पोरगी बसली असती. म्हणून अंगठा.

संध्याकाळी घरी येऊन बघतो तर श्रावणी भिंतीकडे तोंड करून काहीतरी पाठ करतेय. म्हटलं, "काय गं?" ती पाठच करत राहिली. वैशालीने सांगितलं.

"तिला वाक्य दिलंय, बाबा. 'माझे आजोबा म्हणायचे, पोरीच्या जातीने शिकून काय करायचं?' आणि मला दिलंय, 'आज मी सक्षम आहे.' हातात स्कूटीची चावी धरून बोलायचं. मॅडमचीच स्कूटी. मला शेअर रिक्षा परवडत नाय, नि मी म्हणे स्कूटीवाली!" पीठ मळता मळता ती हसली. "तुम्ही व्हिलन, मी हिरोईन. पिक्चर बरा चालेल बघा."

मला हसू आलं नाही. श्रावणी पलीकडून म्हणाली, "आजोबा, तुम्ही असं कधी म्हणालात?"

"नाय."

"मग मी कसं म्हणू?"

मी म्हटलं, "वर्ग मिळतोय ना. म्हण."

तिने माझ्याकडे बघितलं. कापसाच्या बोळ्याने घासूनही अंगठ्याची शाई गेली नव्हती. मी मूठ झाकून घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी समाजमंदिरात खुर्च्यांना पांढरे कपडे घातले. मागे मोठा बॅनर, त्यावर उडी मारणारी हसरी मुलगी. ती आमच्याकडची नव्हती. टेबलावर पाहुण्यांसाठी पाण्याच्या छोट्या बाटल्या, ओळीने. आमच्या बायका मागे सतरंजीवर बसलेल्या. त्यांची नजर बाटल्यांवर.

आधी वैशालीने चावी धरून वाक्य म्हटलं. टाळ्या. मग श्रावणी.

"माझे आजोबा म्हणायचे..." आणि थांबली.

मॅडमने खालून ओठ हलवून दाखवले. पोरगी बघेचना. माझ्याकडे बघत राहिली.

मी उठलो. पुढे गेलो. समोर तो पुठ्ठा आणि शाईचा पॅड मांडूनच ठेवलेला. मी म्हटलं, "हा अंगठा खोटा हाय. मी पोरीला कधी अडवलं नाय. पान्याने अडवलंय. टँकर सकाळचा, शाळा सकाळची. तेवढं बघा."

मग मॅडम पुढे आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पाहुणे माझ्याकडे बघून हसले. टाळ्या वाजवल्या. एक बाई तर उठून उभी राहिली.

मला कळेना. मी टाळ्या वाजण्यासारखं काय बोललो?

श्रावणीने बाही ओढली. "आजोबा, त्या सांगतायत तुम्ही माफी मागितली म्हणून. म्हणाल्या, पूर्वी चूक केली, आता डोळे उघडले."

सातवीपर्यंतचं इंग्रजी. तेवढं पुरलं.

शिसारी आली. तो खांद्यावरचा हात सुगंधी होता. मुकादम तरी तोंडावर बोलायचा. या बाईने माझ्याच तोंडून माझी चूक काढून घेतली, माझ्यासमोर, आणि त्यावर टाळ्या मिळवल्या. मी तो हात झटकला. दिल्लीवाल्यांकडे वळलो आणि मोडक्या हिंदीत ओरडलो, "मैंने माफी नहीं मांगा! लडकी को पानी ने रोका! पानी!"

पाहुण्यांतला एक टायवाला मान हलवून म्हणाला, "बाबाजी बहुत इमोशनल हैं." आणि घड्याळ बघितलं. एकाने माझ्यासमोर बाटली धरली. त्याला वाटलं, मला तहान लागलीय.

मग ते नाश्त्याला उठले.

गाड्या गेल्यावर टेबलावर बाटल्या उरल्या. कुठे घोटभर प्यालेल्या, कुठे अर्ध्या. आमच्या बायका पुढे झाल्या आणि एकेक बाटली उघडून कळशीत ओतायला लागल्या. कुणाच्या तोंडची, कुणाची उष्टी, बघितलं नाही. श्रावणीही ओतत होती. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला.

मॅडम म्हणाली, "हा नको घेऊस."

एवढंच वाक्य ती त्या दिवशी खरं बोलली. त्यांची सगळी मोजदाद त्या वाक्यात आली. काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही.

जाताना ती माझ्याजवळ थांबली. हसू पुसलेलं. "आजोबा, वर्ग आता दुसऱ्या वस्तीत जाईल. तुमच्या हट्टापायी पोरीचं नुकसान झालं. हे तिला तुम्हीच समजवा."

समजवायला काही नव्हतं. पोरीने सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा रांगेत मी. श्रावणीला म्हटलं, "दप्तर घे."

"आणि हंडा?"

"हंडा माझा."

भरला हंडा उचलत नाही तर अर्धा भरतो. दोनदा जातो. कंबर रात्रभर ठणकते, ठणकू दे. रांगेतल्या बायका पहिल्या दिवशी खूप हसल्या. "काका, पदर घ्या की डोक्यावर!" मी म्हटलं, "आण तुझा." आता हसत नाहीत. पुढे सरकून जागा देतात. मीही ती मुकाट घेतो.

दिवाळीनंतर फोटोवाला परत आला. एकटाच. नवा कोरा पुठ्ठा, शाईचा पॅड. कार्यक्रमातले फोटो संस्थेच्या पुस्तकात छापण्यासारखे आले नाहीत म्हणे, आणि जुना पुठ्ठा खराब झाला. "आजोबा, फक्त एक अंगठा. मॅडम म्हणाल्यात, वर्गाचं परत बघू."

वैशाली सुट्टीवर होती. ती दारात उभी राहिली. श्रावणी शाळेतून यायची होती.

मी म्हटलं, "पेन दे."

पुठ्ठा मांडीवर घेतला. ‘पूर्वी’च्या खाली लिहिलं, पाणी नाही. ‘आता’च्या खाली लिहिलं, पाणी नाही. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येईल असं आलं. खाली सही केली. हळू नाही. माझ्या नेहमीच्या वेगाने, शेपूट खाली ओढून.

"हे छाप," म्हटलं. "वर्ग देणार असाल तर द्या, नसाल तर नका देऊ. पोरगी शाळेत जातेच आहे. पण या घरातून अंगठा मिळणार नाही. माझा नाही, सुनेचा नाही, नातीचा तर नाहीच. खोटं लिहून आणाल, तर दर वेळी त्याच्याखाली खरं लिहीन. सही करीन."

त्याने पॅडचं झाकण लावलं.