मामांचं शेततळं

परंड्याबाहेर माझ्या सकाळच्या फिरायच्या वाटेवर त्यांचं शेततळं आहे. त्यात ते मासे पाळायचे. मी त्यांना नुसतं मामा म्हणतो, नाव कधी विचारलं नाही. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं ते तळ्यात कोपर बुडवून बघायचे. म्हणायचे, "गार पान्यात हवा विरघळून ऱ्हाती. पानी तापलं की उडून जाती. मग माशानं दम कशात घ्यावा?" म्हणून उन्हाळ्यात रोज मोटार लावून ते तळ्याचं पाणी उंचावरून तळ्यातच पाडायचे, म्हणजे त्यात पुन्हा हवा मिसळायची.

यंदा मे महिन्यात भाचीच्या लग्नाला ते कळंबला गेले. मागं मोटार लावायला कुणी नव्हतं, पण एक दिवस निभेल असं त्यांना वाटलं. थोरल्या बहिणीनं आग्रह केला, म्हणून अजून एक दिवस राहिले.

ते परतले त्या सकाळी मी तिथंच होतो. पाण्यावर सगळीकडं माशांची पांढरी पोटं दिसत होती. मामा दोराला धरून कंबरभर पाण्यात उतरले. एखादा तरी हलतोय का, म्हणून एकेक मासा हातात घेऊन बघू लागले.

"कालच यायला पायजे होतं," एवढंच पुटपुटले.

तेवढ्यात काठावर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. ते वर आले, हात सदऱ्याला पुसून त्यांनी फोन उचलला. पलीकडचा बहिणीचा आवाज मलाही ऐकू आला.

"पोचलास का? मासे ठीक हायत न्हवं? म्या उगंच ठिवून घेतलं तुला."

"ठीक हायत की, अक्का," मामा म्हणाले. "लई बरं वाटलं बघ. पुढच्या बारीला चार दिस ऱ्हातो."

मग फोन माझ्या हातात देऊन ते पुन्हा पाण्यात उतरले.