परत येण्याची खूण

राणीसावरगावच्या अलीकडं एका खेड्यात मी बालवाडी चालवायचे. लग्न होऊन नुकतीच त्या गावात आले होते. मारुतीच्या देवळाचा सभामंडप हीच आमची शाळा. आयांची बैठक बोलावली तर कुणी फिरकायचं नाही, सगळ्या रानात. मग कुणाच्या लेकराविषयी बोलायचं असलं की संध्याकाळी मीच त्यांच्या दारात जायचे.

त्या लेकरांत चार वर्षांची एक मुलगी होती. गाणं सुरू झालं की ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघायची आणि सगळ्यांच्या मागून टाळी वाजवायची. एकदा खिचडीचं पातेलं तिच्या पाठीमागं दाणकन पडलं. पोरं दचकली, एक-दोघं रडायला लागली. ती मात्र खडूनं फरशीवर रेघोट्या ओढत राहिली.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. मुलीची आजी ओसरीवर बसलेली, म्हणून आईला गोठ्यापाशी गाठलं. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "ठाऊक हाय मला, बाई. तिला ऐकू येत न्हाई. पर घरात बोलू नका."

"का हो?"

"सासूबाई म्हन्तेत, पोरीला मिजास लय हाय, हाका मारल्या तरी वळत न्हाई. तसंच वाटू द्या. खरं कळलं तर म्हन्तील, हिच्याच पोटात खोट हाय."

तिला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते.

मी म्हटलं, "निदान तिच्या वडिलांना तरी कळायला पाहिजे." ती गाईच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मग म्हणाली, "माझ्यानं न्हाई होनार. तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी ते लेकीला न्यायला देवळात आले तेव्हा मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. लेकीच्या मागं उभं राहून त्यांनी हाक मारली. मग अगदी कानाजवळ वाकून मारली. ती आपली खडूत रमलेली. ते लेकीपाशी पायरीवर बसले. "मारलंय हो मी हिला," म्हणाले. "ऐकत न्हाई म्हनून मारलंय."

परभणीच्या दवाखान्यात जायचं ठरलं, पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. बंद पुकारलेला, एसटी मधेच थांबलेल्या. जाणं लांबत गेलं. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते आम्हाला माहीतच होतं. त्यांनी दूरच्या शहरातली बहिऱ्या मुलांची एक निवासी शाळा सुचवली. पुढच्या वर्षी तिथं घेतील म्हणाले. दरम्यान घरात मुलगा झाला आणि खरं कळल्यापासून सुरू झालेली सासूबाईंची बोलणी थोडी कमी झाली.

जायचे दिवस जवळ आले तशी आई एकदा बाळाला काखेत घेऊन देवळात आली. "बाई, तिला कसं सांगू, आमी सोडून द्यायलो न्हाई म्हनून? शब्दच न्हाईत तिच्यापाशी."

मग आम्ही दोघींनी एक खेळ काढला. आई स्वतःच्या छातीवर हात ठेवायची, मग बोट जमिनीकडं दाखवायची, म्हणजे मी परत इथंच येते. आणि देवळामागं जाऊन लगेच परत यायची. पुढं विहिरीपर्यंत जाऊन यायला लागली, मग रानात. आधी मुलगी रडायची. नंतर तीच छातीवर हात ठेवून आईला "जा" म्हणून खुणवायची. हे बघायला बाकीच्या आया यायला लागल्या. हसल्या आधी. पुढं एकीनं खुरपं बाजूला ठेवून बाळाला मांडीवर घेतलं. माझ्या बोलावण्यानं कधी न आलेल्या बाया अशा देवळात आल्या.

त्या निवासी शाळेच्या फाटकात आईनं खूण केली. पोरीनंही केली, आणि शहाण्यासारखी आत गेली. आई मला सांगताना म्हणाली, "रडली असती तर बरं झालं असतं."

दिवाळीला तिला घरी आणलं. भावकीच्या बाया जमल्या. ती आईच्या ओठांकडं बघून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आ-ई." सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. आईनं आनंदानं छातीवर हात ठेवला, तर लेकीनं पटकन तिचा हात धरून खाली दाबला. घाबरून आजूबाजूला बघितलं. त्या शाळेत हातानं बोललेलं चालत नव्हतं.

त्या रात्री आई जेवली नाही. "बोलली म्हनून समदे खूश हायत," ती मला म्हणाली. "पर माझ्यासंगं बोलायची ती गेली."

पुढं मुलगी दर सुट्टीत यायची, चांगले कपडे घालून, पाहुण्यासारखी. सुट्टी संपायच्या आधीच तिची पिशवी भरलेली असायची. शिकून तिकडंच शिवणकामाला लागली.

धाकटा माझ्याच बालवाडीत आला. भारी बडबड्या. न्यायला आलेली आई उंबऱ्यावर टेकायची आणि त्याची टकळी सुरू व्हायची. "कान किटले ह्याच्यापायी," ती हसून म्हणायची. आणि मग लेकराकडं बघता बघता तिचा हात आपसूक छातीवर जायचा.