जावेची फिटिंग

माझ्या माहेरी, परभणीकडे, फिट म्हणजे फेफरं. माझ्या धाकट्या भावाला फिट यायची. आईबाप कापूस वेचायला गेले की त्याच्यापाशी कोणीतरी बसायला हवं, म्हणून आठवीत माझी शाळा सुटली. अजूनही तो शब्द कानावर पडला की माझी नजर आधी जमिनीकडे जाते, डोकं आपटेल असं काही पडलंय का ते बघायला.

लग्न होऊन शिनोलीच्या बाजूला आमच्या या गावात आले, तर इथं सगळंच फिट. सोयरीक ठरली, की फिट झाली. नळाची फिटिंग, लाइटीची फिटिंग. दिराच्या जीपचं फिटनेस सारखं संपायला आलेलं. कोणी कोणाला मुद्दाम अडकवलं, तर त्यानं फिटिंग लावली. पहिल्याच आठवड्यात सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "पोरगी फिट हाय," आणि मी चुलीपुढे गारठून बसले, की भावाचं यांना कळलं कसं. तब्येतीनं चांगली एवढाच त्याचा अर्थ होता, हे कळायला दोन दिवस गेले.

त्या सासूबाईंचे उपकार मी विसरणार नाही. मी सारखी घाबरलेली असायचे, दाराची कडी वाजली तरी दचकायचे. त्यांनी मला घोडेगावला एका बाईंकडे शिवण शिकायला घातलं, घरात मशीन आणून दिली. हाताला काम असलं की जीव थाऱ्यावर राहतो, एवढंच म्हणाल्या. बारा-तेरा वर्षं गावातले ब्लाऊज मीच शिवले. माझी पद्धत जुनी. बाजूला बोटभर जास्त कापड आत सोडायचं आणि शेजारीशेजारी तीन शिलाया मारायच्या. बाईचं अंग भरलं की ती घरीच ब्लेडनं आतली एक शिलाई उसवते. बाळंतपण झालं की दुसरी.

मग धाकटी जाऊ आली. घोडेगावच्या कॉलेजात बी. कॉम. झालेली, इथलीच, हसतमुख. तिनं मोबाइलवर बघून बघून प्रिन्सेस कट शिकला. दिरानं तिला इंटरलॉकची मशीन आणून दिली, ती कड शिवता शिवता जास्तीचं कापड कापूनही टाकते. तिचा ब्लाऊज उलटा केला तरी सुलट्यासारखा दिसायचा. शिवून झाला की फोटो काढून स्टेटसला. वर्षभरात गावातल्या पोरी माझ्या दारावरून तिच्या खोलीत जायला लागल्या. जाताना मला विचारायच्या, बरं हाय ना काकी, आणि आत जाऊन म्हणायच्या, "वहिनी, तुमची फिटिंग लई भारी."

ते ऐकून मला काय व्हायचं, हे लिहायला लाज वाटते. तिची सुई मोडावी असं वाटायचं. तिनं चहा आणून दिला की तो गोड लागायचा नाही. भीमजयंतीला सासूबाईंचा पांढरा ब्लाऊज दर वर्षी मी शिवायचे, तो एका वर्षी त्यांनी तिच्याकडे टाकला. मला म्हणाल्या, तुला तेवढीच उसंत. त्या रात्री मी जेवले नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं.

मागच्या उन्हाळ्यात भावकीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. लग्नाचा ब्लाऊज अर्थातच जावेकडे आला. तिनं टेपनं नेमकं माप घेतलं, अंगाला चिकटेल असं. त्या दुपारी मी तिच्याच खोलीत दुसऱ्या कुणाच्या ब्लाऊजला हुक लावत बसले होते. तिनं कापड बेतलं, शिवलं, बाजूच्या कडा इंटरलॉकवर घातल्या, आणि बोटभर कापड पट्ट्या होऊन खाली पडलं. एकच शिलाई. आत काही शिल्लक नाही.

लग्नाला अजून तीन आठवडे होते. इकडे गडगनेर म्हणतात, माझ्या माहेरी केळवण. नवरीला भावकीतलं प्रत्येक घर जेवायला बोलावतं, पुरणपोळी नाहीतर मटण, आणि नको म्हटलं तर घरची बाई रुसते. तीन आठवड्यांत मुलगी भरतेच. मी कुठल्याच नवरीचं माप नेमकं धरत नाही ते त्यासाठी. जावेला हे माहीत नव्हतं. तिच्याकडे नवरीचा ब्लाऊज पहिल्यांदाच आलेला.

तिनं तो माझ्यापुढे धरला. विचारलं, ताई, बरोबर आहे ना. मी बघितला, आणि म्हणाले, झकास, तुझी फिटिंग, मी काय सांगणार. ती खूश होऊन फोटो काढायला गेली. मी केर काढला. केरात बेतताना उरलेला त्या कापडाचा एक लांब, रुंद तुकडा होता, तो घडी करून माझ्या मशीनच्या खणात ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी नवरी आणि तिची आई आल्या. ब्लाऊजचे मधले हुक दोन बोटं लांब राहत होते. नवरी रडत होती. तिची आई मोठ्यानं काही बोलली नाही, पण उद्या शे-दीडशे बाया बघणार, हे तिनं दोनदा सांगितलं. सासूबाईंनी दोघींना पुढच्या खोलीत बसवून चहा ठेवला. जाऊ माझ्याकडे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी ब्लाऊज घेतला, बाजूची शिवण उसवली, खणातून तो तुकडा काढला आणि काखेखाली लावायची पट्टी बेतायला घेतली. जाऊ ब्लाऊजकडे बघतच नव्हती, तुकड्याकडे बघत होती.

"हे कुठनं आलं?"

"तुझ्या केरातलं."

"कवाचं?"

"तू कापलंस त्या दिवशीचं."

तिनं तुकडा बोटांत धरून बघितला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुमाला तवाच कळलं व्हतं. मी इचारलं तर झकास म्हणलात."

नाही म्हणता आलं असतं. असंच उचललं, म्हणता आलं असतं. पण तुकड्यावर घडीच्या रेघा होत्या, आणि त्या तिला दिसत होत्या.

"हो," मी म्हणाले. "वाटलं, एकदा तुझं बिघडावं."

"मग तुकडा कशाला ठिवला?"

"तू माझ्याकडं यावंस म्हणून."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ब्लेड उचललं आणि म्हणाली, "दुसरी बाजू मी उसवते." आम्ही दोघींनी शेजारीशेजारी बसून ते काम संपवलं. ब्लाऊज बसला. हात खाली असला की पट्टी दिसत नव्हती.

लग्नात बायका नवरीच्या पाठीवरून हात फिरवून बघत होत्या. कुणीतरी जावेला फिटिंग कशी जमली ते विचारलं, तर तिनं माझ्याकडे बोट केलं, शेवटचं काम ताईंचं आहे म्हणाली. बाया माझ्याकडे वळल्या. मला आनंद झाला नाही. तिला असं पटकन, हसत, दुसऱ्याला देऊन टाकता येतं, याचंच मला जास्त लागलं.

बाकीचं तिनं कोणाला सांगितलं नाही. दिराला नाही, सासूबाईंनाही नाही. मी तिच्या जागी असते तर संध्याकाळपर्यंत घरभर केलं असतं. आता तीही तीन शिलाया मारते. गिऱ्हाईक तिच्याकडेच जातं. मला ती पूर्वीसारखा चहा आणून देते, आणि मी तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते शोधत तो पिते. माफी मागायची राहूनच गेली आहे. आणि स्वयंपाकघरात ती आणि सासूबाई हळू आवाजात बोलायला लागल्या, की मी पायडलवरचा पाय उचलते आणि ऐकत बसते.